पुनवेपर्यंत

भात कापून झालं की आमच्या घरामागची शेतं एकदम मोठी दिसायला लागतात. चार महिने नजर जिथे हिरव्यात अडकायची तिथे आठवड्याभरात नुसती धसकटं उरतात, त्यांच्या पलीकडे सुरूची झाडं, आणि सुरूंच्या फटींतून समुद्राची एक चकचकीत रेघ. सकाळी पायरीवर दव असतं. दुपारी उन्हात उभं राहिलं तर केस तापतात. बायका वालाचं बी टोचायला शेतात वाकलेल्या असतात, आणि कोळीवाड्याकडून वारा आला की सुकत घातलेल्या जवळ्याचा वास घरात शिरतो. थळमध्ये सगळे म्हणतात, वर्षातला हाच चांगला महिना. मलाही तसंच वाटायचं. गेल्या वर्षापासून मात्र हवा अशी कोरडी व्हायला लागली की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोरून जाताना मी नजर खाली ठेवते.

सांची माझी धाकटी बहीण. आमच्यात बारा वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे मी तिची ताई कमी आणि छोटी आई जास्त, असं घरात सगळे गमतीने म्हणतात. मला ती गंमत आवडायची. तिच्या डब्यात काय द्यायचं, केस किती कापायचे, कोणत्या फॉर्मवर काय लिहायचं, हे माझ्याकडे असे. विशेषतः फॉर्म. पप्पा आतल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, पण इंग्रजी कागद आला की तो न वाचताच माझ्यापुढे सरकवतात. "तू बघ. तुला नीट बोलता येतं," असंही म्हणतात. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून मला बोलता येतं, हा त्यांचा समज मी अजून मोडलेला नाही. खरं म्हणजे मला बोलायचंच नसतं. कॉलेजच्या लायब्ररीतली नोकरी मी त्यासाठीच धरली. तिथे माणसं पुस्तक पुढे करतात, मी शिक्का मारते, झालं.

सांची तिसरीत असल्यापासून फुटबॉल खेळायची, आणि तो फक्त वाळूवर. कोळीवाड्यातले नाना तिला शिकवायचे. नाना म्हणजे साठीच्या पुढचा, बांध्याने बुटका, काळाकभिन्न माणूस. तरुणपणी मुंबईत कुठल्या तरी टीमकडून खेळलेला, मग जन्मभर होडीवर गेलेला, आणि गुडघे गेल्यावर घरी बसून जाळी दुरुस्त करणारा. त्यांनी गावातल्या मुलींची टीम केली होती. मुलींची का, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "पोरं ऐकत न्हाय."

त्या टीमची प्रॅक्टिस घड्याळावर चालत नसे. ओहोटीला पाणी मागे गेलं की जी घट्ट ओली वाळू उघडी पडते तेवढंच त्यांचं मैदान. संध्याकाळची तशी ओहोटी मिळते ती पुनवेच्या आणि अवसेच्या मागेपुढे तीनचार दिवस. मधल्या अष्टमीच्या सुमाराला पाणी संध्याकाळी किनाऱ्याला टेकलेलं असतं, तेव्हा सुट्टी. रोजची वेळही पाऊण पाऊण तासाने पुढे सरकणार. पण कोणी कोणाला मेसेज करत नसे. सांची शाळेतून यायची, दप्तर टाकायची, म्हणायची, "आज तेरस ना, पावणेचारला," आणि पळायची. सहावीतल्या मुलीला तेरस कळते आणि मला आज तारीख किती एवढंच कळतं, याची मला थोडी लाज वाटे. ती लाज मी कोणाला दाखवली नाही. पुढचं सगळं त्या न दाखवण्यातून झालं.

मी कधी कधी सुरूच्या सावलीत बसून त्यांचा खेळ बघायचे. सगळ्या मिळून सात मुली. दिव्या गोलला, ती मासे विकणाऱ्या शेवंतीकाकूंची मुलगी. बाकीच्या पुढेमागे कुठेही. सांची सगळ्यांच्या पुढे असे हे मलासुद्धा दिसायचं. ती बॉल घेऊन निघाली की बाकीच्या मागे पडायच्या, आणि मग ती थांबायची. बॉलवर पाय ठेवून उभी राहायची, कोणीतरी धापा टाकत पोचेपर्यंत. मग त्या मुलीच्या पायात अलगद ढकलायची. हे पुन्हा पुन्हा होताना मी पाहिलं, आणि ठरवलं की ही इथे कंटाळली आहे. हिला आता इथे पुरणार नाही. कंटाळा आल्यावर माणूस कसा थांबतो आणि दुसऱ्यासाठी कसा थांबतो, यातला फरक लांबून कळत नाही. मी जवळ जाऊन विचारलंही नाही.

किहीमच्या रस्त्याला एक अकॅडमी निघाली होती. शेतात भराव टाकून वर हिरवं टर्फ, म्हणजे नकली गवत, अंथरलेलं, भोवती जाळी, दिवे. तिथे चाचणी होती. मी सांचीला घेऊन गेले आणि तिची निवड झाली. कोच मुंबईचे होते, तरुण, टापटीप, बोलायला चांगले. "मॅडम, इसका फर्स्ट टच देखा आपने? नॅचरल है. एक तारीखसे बॅच सुरू, तेव्हा एक तारखेला आलीच पाहिजे हां. वेटिंगमध्ये मुली आहेत." सांची घरी येईपर्यंत स्कूटरवर माझ्या मागे गाणं म्हणत होती. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तिला जायचं नव्हतं असं नाही. तिला जायचं होतं.

नानांना सांगायला आईने मलाच पाठवलं. ते किनाऱ्यावर उलट्या ठेवलेल्या होडीला टेकून बसले होते. मी अडखळत सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान गप्प होतील. ते हसले.

"ब्येस झालं. पोर खेलते, तिला पुढं जायलाच पायजे. मी काय बांधून ठेवनार हाय का तिला?" मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पन एक कर बाय. पुनवेपर्यंत थांबव. पुनवेला नागावला मॅची हायत. माझ्याकडं पोरी सात, आनी लागतात पन सातच. मॅची झाल्या का दुसऱ्या दिशी घेऊन जा, मीच सोडायला येतो."

"बरं," मी म्हटलं.

"नक्की?"

"हो."

पुनव कितवी तारीख, हे मी विचारलं नाही. वाळूत खेळणाऱ्या शेंबड्या पोरांनाही जे ठाऊक होतं ते कॉलेजात नोकरी करणाऱ्या मुलीने कसं विचारायचं? मी मनात धरून चालले की असेल महिनाअखेरीला. एक तारखेच्या आधी. बसेल बरोबर.

तीन दिवसांनी आई कॅलेंडरवर पेनाने गोल करत होती. पौर्णिमेला ती पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जाते, म्हणून ती दर महिन्याला असा गोल करून ठेवते. मी सहज डोकावले. गोल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेवर होता.

पाचच दिवसांचा तर प्रश्न होता. अकॅडमीत फोन करून म्हणायचं, सहा तारखेला येते. नाहीतर कोळीवाड्यापर्यंत आठ मिनिटं चालत जायचं आणि म्हणायचं, नाना, माझी चूक झाली, जमत नाही, दुसरी मुलगी बघा. दोन्हीपैकी एक. मी फोन हातात घेतला, कोचचा नंबर काढला, आणि पहिलं वाक्य कोणत्या भाषेत सुरू करावं यातच स्क्रीन काळी झाली. कोळीवाड्याकडे मी दोनदा निघाले आणि दोन्ही वेळा दुकानातून काहीतरी घेऊन परत आले. पुढे कधीतरी कळलं की त्याच बॅचमधली एक मुलगी घरात लग्न होतं म्हणून दहा तारखेला आली होती. तिला कोणी काही म्हटलं नाही.

एकतीस तारखेला सांची नवे बूट घालून घरभर चालत होती.

"ताई, नानांना सांगितलंस ना?"

"हो. बोलले मी."

"काय म्हणाले?"

"ब्येस झालं म्हणाले."

ती हसली. "आणि नागावच्या मॅची?"

माझ्या हातात इस्त्री होती. मी कॉलर दाबून दाबून सपाट केली. "ते बघतील म्हणाले."

"बघतील म्हणजे? दुसरी कोण घेतली?" आणि मग, जरा वेळाने, स्वतःशीच, "घेतली असेल कोणीतरी." तिला एवढ्या सहज दुसरी घेतली गेल्याचं थोडं लागलं होतं. मला ते दिसलं. मी पुढचा शर्ट घेतला.

पाच तारीख म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा दिवस. सुट्टीत मुली आजोळी पांगलेल्या असत, त्यामुळे तोवर सांचीची त्यांच्याशी गाठ पडली नव्हती. सुट्टीच्या दिवशी अकॅडमीची प्रॅक्टिस तीनला असे. पप्पा सांचीला घेऊन अडीचला गेले. आई विहारात. मी घरात एकटी, गॅसवर कुकर. पावणेतीनच्या सुमाराला वळणावर टेम्पो थांबल्याचा आवाज आला, आणि हॉर्न. पुन्हा हॉर्न. मग मुलींच्या हाका. "सांचीऽऽ! ए सांचे, चल की!" कोणीतरी म्हणालं, "झोपली काय ही म्हशीसारखी?" आणि सगळ्या हसल्या.

मी पडद्याच्या मागे उभी राहिले. टेम्पोत मागे सहा मुली होत्या, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे पिवळे टीशर्ट. नाना उतरले आणि गुडघ्यावर हात ठेवत आमच्या फाटकापर्यंत आले. त्यांच्या हातात सातवा टीशर्ट होता, घडी केलेला.

"हाय का कोनी घरात?"

नेमकी तेव्हा कुकरने शिट्टी दिली. लांबलचक, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. नाना खिडकीकडे बघत राहिले. दुसरी शिट्टी झाली. ते आणखी थोडा वेळ उभे राहिले, मग टीशर्ट काखेत मारून परत फिरले. तरी टेम्पो लगेच निघाला नाही. मी घड्याळ बघत होते. चोवीस मिनिटं तो तिथे उभा होता.

दुसऱ्या दिवशी शेवंतीकाकू दारावर बोंबील घेऊन आल्या. पाटी न उतरवताच आईला म्हणाल्या, "मोठी झाली गो तुमची पोरगी! मोठ्या टीमात गेली, मग आमच्या पोरींसाठी कशाला येल? सहा जनी खेलल्या. तीन गोल खाल्ले. माझी दिव्या रातभर रडली. जाऊ दे, बोंबील घेनार का?" आईने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले. आईला वाटलं, कोळीवाड्याला मत्सर वाटतो आहे. मी तसं वाटू दिलं.

आणि मग सांची शाळेतून आली. दप्तर ठेवलं, पाणी प्यायली, माझ्यासमोर येऊन बसली.

"दिव्या बोलत नाही माझ्याशी. कोणीच बोलत नाही. म्हणतात मी न सांगता पळाले. ताई, तू सांगितलं होतंस ना नानांना?"

हा माझा शेवटचा दरवाजा होता. तो उघडा होता, तिने स्वतः उघडून धरला होता.

"हो," मी म्हणाले.

"मग नाना खोटारडे आहेत." तिचा आवाज चिरकला. "त्यांनी जा म्हटलं आणि त्यांनीच पोरींना नाही सांगितलं. खोटारडे."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अजून तो हात मला माझा वाटत नाही.

सगळ्यात वाईट हे, की मला हे सगळं आधीच माहीत होतं. मी पाचवीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतर पप्पांनी मला अलिबागच्या इंग्रजी शाळेत घातलं. कोणाची तरी बदली झाली, एक जागा रिकामी झाली, म्हणून वर्षाच्या मध्येच. शुक्रवारी मी माझ्या वर्गात होते आणि सोमवारी दुसऱ्या. स्नेहसंमेलनातल्या नाचात माझी जोडीदार रेश्मा होती. तिला पुढे कोणाबरोबर उभं केलं, मला कधीच कळलं नाही. काही वर्षांनी ती एसटी स्टँडवर दिसली आणि आम्ही दोघींनी एकमेकींना न ओळखल्यासारखं केलं. पप्पांचा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. त्या शाळेमुळेच आज माझी नोकरी आहे. पण मला निरोप घेऊ दिला नाही, हे मी त्यांना आजतागायत मनातून माफ केलेलं नाही. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणतात. मी तेव्हापासून गप्प आहे, एवढंच मला माहीत आहे. आणि तरीही, तेच जसंच्या तसं, मी सांचीला केलं. पप्पा निदान खोटं बोलले नव्हते.

मुलाने टीम कधी बदलावी, यावर अकॅडमीतले पालक जाळीबाहेर उभे राहून तासन्तास बोलतात. वय, उंची, निवड चाचण्या, कोणत्या वर्षी कुठे असलं म्हणजे पुढे बरं पडतं. मी ऐकत असते. त्यांचं चूक नाही. सांची तिथे खूप शिकली. डाव्या पायाने मारते आता. तिला कोणासाठी थांबावं लागत नाही. पण वाळूवर ती सगळ्यांना नावाने हाका मारायची, कधी कधी शिव्याही द्यायची. टर्फवर ती गप्प खेळते. तो गप्पपणा मी ओळखते.

या वर्षी पुन्हा भात कापून झालं. परवा जेवताना सांची म्हणाली, "आज नाना भेटले एसटी थांब्यावर. मला म्हणाले, कशी हायस गं सांचे? मी बघितलंच नाही त्यांच्याकडे. सरळ तोंड फिरवलं." तिने हे जिंकल्यासारखं सांगितलं. आई म्हणाली, असं करू नये मोठ्या माणसांशी. पप्पा भाकरी मोडत होते. मी अर्धं ताट तसंच ठेवून उठले.

काल सकाळी ती मागच्या ओट्यावर बसून बुटांच्या तळव्यात अडकलेले टर्फमधल्या रबराचे काळे दाणे काडीने काढत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं. पुनवेचं, कॅलेंडरचं, पडद्याचं, सगळं. एकदा सुरू केल्यावर थांबता येत नव्हतं. ती काडी फिरवत राहिली.

"म्हणजे नाना खोटं नव्हते बोलले."

"नाही."

"आणि मी काल त्यांच्याकडे..." तिने बूट खाली ठेवला. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती बारा वर्षांची आहे. पण ती शेतांकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू मला विचारलं असतंस ना ताई, तरी मी गेलेच असते. मला जायचंच होतं. फक्त सहा तारखेला गेले असते."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मला नको सांगू. नानांना सांग. आधी तू जा. मग मी माझी जाईन."

म्हणून आज दुपारी मी कोळीवाड्यात गेले. नाना घराच्या पडवीत जाळं पसरून बसले होते, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला. मला बघून त्यांनी मान हलवली. मी उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर बोललेच नसते.

"नाना, गेल्या वर्षी सांचीला काही माहीत नव्हतं. तुम्ही पुनवेपर्यंत थांबव म्हणालात ते मी तिला सांगितलंच नाही. उलट तुम्ही जा म्हणालात, असं खोटं सांगितलं. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मी घरात होते."

त्यांची सुई थांबली नाही. एक गाठ, दुसरी गाठ.

"मना ठाव व्हतं," ते म्हणाले.

"सगळं?"

"घरात कोन हाय ते ठाव व्हतं. आनी ती पोर सांगितल्याबिगर जानारी न्हाय, ते पन."

"मग तुम्ही तसं मुलींना का नाही सांगितलं? त्या वर्षभर तिच्याशी बोलत नाहीत. ती तुम्हाला..."

आता त्यांनी वर पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "मी काय सांगू त्यांना? का सांचीची ताय खोटी हाय? तुझ्या तोंडचं मी कसं बोलू, बाय? मी म्हटलं, ताय येल कवातरी सांगाया. आज येल, उद्या येल." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "वरीस झालं."

मला वाटलं, आता झालं. बोलले मी. मी पाय चपलेत सरकवला.

"थांब," नाना म्हणाले. "सहा पोरी हायत. त्यांना कोन सांगनार? चारला येतील हितंच."

लायब्ररीत चार माणसं एकदम काउंटरला आली तरी माझे तळहात ओले होतात. मी म्हणाले, "तुम्ही असाल ना?"

"मी असेन. पन बोलायचं तुलाच."

त्यांनी जाळ्याचा एक कोपरा ओढून घेतला आणि पडवीत बसण्यापुरती जागा केली. मी चप्पल काढली आणि बसले. चारला दहा मिनिटं असताना गल्लीच्या टोकाला आधी दिव्या दिसली, मग तिच्यामागे हसत, एकमेकींना ढकलत बाकीच्या. मला बघून त्यांचं हसणं थांबलं. दिव्याने बॉल पोटाशी धरला.

मी उभी राहिले.